घडी

सोमवारी मी घरोघर चिठ्ठ्या धाडल्या:
घरात जे वाजतं ते घेऊन या.
विकत आणू नका.

मंगळवारी बुरेलाच्या आमच्या बालवाडीत
अर्धं बंदर येऊन बसलं.
ब्रेइशोकडे ट्यूनाचा गोल डबा,
आत मोजून तीन हरभरे.
उथळ डब्याला खळखळाट फार,
हे त्याला शिकवावं लागलं नाही.
अंतिआच्या दोन शिंपल्या, पाठीवर खोल रेघा,
एकमेकींवर घासल्या की खर्रर्र,
जेवताना दाताखाली वाळू यावी तशा.
शियानाच्या आजोबांनी दिली
बडीशेपेच्या दारूची बाटली.
अंगभर काचेचे खवले, त्यांवरून चमचा ओढायचा.
रिकामी आहे ना,
मी दोनदा हुंगून पाहिलं.

रोइने बापाचा एक रबरी बूट आणला.
"हा वाजतो?"
"पाण्यात वाजतो."
बादली आणावी लागली.
पचाक. खरंच वाजला.

सुलेइका रिकाम्या हातांनी आली.
तिची आई पहाटेच्या पाळीला मासळी साफ करते,
बाप महिनाभर बोटीवर.
त्यांचं मूळ बेट इथून इतकं दक्षिणेला
की वर्गातल्या नकाशात ते
खिळ्याच्या डोक्याखाली गेलंय.
चिठ्ठी राहिली असेल वाचायची, मी ठरवून टाकलं,
आणि लगबगीने पातेल्याचं झाकण पुढे केलं.
माझा चांगुलपणा नेहमी घाईत असतो.

तिने झाकण दोन्ही हातांनी परत दिलं,
पाहुण्याने जेवण झाल्यावर ताट द्यावं तसं.
अंगातलं जाकीट काढलं.
घडी घातली.
घडीची घडी.
तिचीही एक.
डबा बांधून आणलेली प्लास्टिकची पिशवी
वरून घट्ट गुंडाळली,
आणि बाकाच्या अगदी कडेला बसून
तो गठ्ठा मांड्यांत धरला.

"कापड वाजत नसतं," ब्रेइशो म्हणाला.
मीही मनात तेच म्हणाले.
एकोणीस वर्षं शिकवतेय मी.
कापड आवाज गिळतं,
म्हणून तर आमच्या खुर्च्यांच्या पायांत
जुने मोजे आहेत.

धप्.

धप् धप्, धपाक् धप्.
धप् धप्, धपाक् धप्.

आधी बाकाला कळलं.
मग जमिनीला, मग माझ्या टाचांना.
कान सगळ्यात शेवटी जागे झाले.
बादलीतल्या पाण्यावर बारीक वळी उठली
आणि रोइ बूट हातात धरून
तिच्याकडे बघतच राहिला.

"कुणी शिकवलं गं?"
"आई."
"कधी वाजवते ती?"
"बाबा बोटीवर असतात तेव्हा.
मावश्या येतात. सगळ्या वाजवतात.
सगळ्यांच्या मांडीत एक एक."
"आणि बाबा आले की?"
तिला माझी कीव आली असावी.
"तेव्हा ते कापड कंबरेला बांधायचं.
नाचायला."

मग काय, एकवीस जाकिटं उतरली.
बाहेर नऊ अंश, नाकं वाहताहेत,
आणि एकवीस गठ्ठे, कुणाचा सुटलेला,
कुणाच्या खिशात बिस्किटं, त्यांचा भुगा.
ताल जमला नाही. जमेल असं वाटावं
इथपर्यंत दोनदा आला
आणि दोन्ही वेळा ब्रेइशोने हरभरे वाजवून मोडला.
सुलेइका थांबली नाही.
मान खाली,
ओठ किंचित उघडे,
जणू कुणाची तरी वाट
ती हातांनी पाहत होती.

दुपारी दोन आयांचे फोन आले,
जाकिटांना बुटाचा वास कसा लागला म्हणून.

रात्री दोरीवरचे कपडे काढले.
माझा मुलगाही बोटीवर असतो, अकरा दिवस झाले.
त्याचा स्वेटर घडी घालता घालता
हात मध्येच थांबला.
घरात कुणी नव्हतं, तरी दार लावून घेतलं.
मांडीत धरला. एकदा मारून पाहिलं.

नाही आला तसा.
घडी सैल होती.